शिअर बोल्ट बदलण्याआधी रोटावेटर तपासा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

हरभरा आणि गहू निघाला, पऱ्हाटी उपटून झाली, की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात रोटावेटरची (ट्रॅक्टरमागे जोडून फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या यंत्राची) मागणी एकदम वाढते, आणि त्याच दिवसांत तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात ‘बोल्ट पक्का द्या, तुटला नाही पाहिजे’ असे सांगणारे कास्तकार आणि ट्रॅक्टरचालक रोज भेटतात. गेल्या उन्हाळ्यापर्यंत मीही त्यांच्यातलाच एक होतो. ही मागणी चुकीची का आहे, हे मला गिअरबॉक्स उघडावा लागला तेव्हा कळले. इतरांवर ती वेळ येऊ नये म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ट्रॅक्टरच्या पीटीओची (मागच्या फिरत्या दांड्याची) ताकद जॉइंट शाफ्टमधून, म्हणजे सांध्यांच्या दांड्यातून, रोटावेटरकडे जाते, त्या वाटेवर हा शिअर बोल्ट मुद्दाम सर्वांत कच्चा ठेवलेला असतो. पाते एखाद्या मोठ्या गोट्यावर किंवा झाडाच्या मुळावर अडकले, की आधी बोल्ट तुटावा आणि शाफ्ट, त्याच्या सांध्यातला क्रॉस व गिअर वाचावेत, एवढेच त्याचे काम. थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ उडवणारी जी यंत्रे असतात, त्यांच्या फिरत्या मळसूत्री पात्यालाही असेच बोल्ट असतात आणि गोठलेला कडक बर्फ मध्ये आला की ते तुटतात. (काही रोटावेटरला बोल्टऐवजी घसरणारा क्लच असतो, त्याची निगा वेगळी, तो विषय येथे नको.)

आमच्या यंत्राचे दोन दिवसांत सहा बोल्ट तुटले. मृग जवळ आलेला, चार जणांची वावरे कबूल केलेली आणि भाडे तासावर. अशा वेळी बोल्ट बदलण्यात जाणारी प्रत्येक वीस मिनिटे चालकाला जड वाटतात. त्याने दुकानातून कडक पोलादाचा, एक माप जाड बोल्ट आणून बसवला. तो खरोखरच तुटला नाही. तिसऱ्या दिवशी गिअरबॉक्समधल्या क्राउन-पिनियन या दातेरी चाकांचे दात गेले आणि ऐन हंगामातले ९ दिवस यंत्र मिस्त्रीकडे उभे राहिले.

यामागचे गणित साधे आहे. बोल्टच्या डोक्यावर ४.६, ८.८, १०.९ असे आकडे कोरलेले असतात. त्यातला पहिला आकडा ताकदीचा, म्हणजे ८.८ चा बोल्ट ४.६ च्या तुलनेत दुप्पट ताण सोसतो. जाडी ८ मिलिमीटरवरून १० केली, तर छेदाचे क्षेत्रफळ दीडपटीहून अधिक होते. दोन्ही बदल एकदम केले, की जो बोल्ट एका धक्क्यात तुटायला हवा होता, तो तिपटीहून मोठा धक्का आत जाऊ देतो, आणि गिअरचे दात काही तिप्पट मजबूत झालेले नसतात. उलट चूकही होते. काही यंत्रांना पुस्तिकेप्रमाणे ८.८ चाच बोल्ट लागतो, आणि तिथे आकडा नसलेला स्वस्त बोल्ट घातला तर तो विनाकारण तुटत राहतो. टोकापासून डोक्यापर्यंत आटे असलेला बोल्टही असाच फसवतो, कारण तुटण्याच्या जागी आटे आले की तिथली जाडी कमी पडते आणि ताकद जवळपास पाव हिश्श्याने घटते.

म्हणून बोल्ट तुटला की त्याचा तुकडा फेकू नये, तळहातावर घेऊन पाहावा. छेद सपाट, एकसारखा आणि ताजा चकाकणारा असेल, तर एकच मोठा धक्का बसला आहे. वावरात काय लागले ते शोधावे. तुकडा वाकलेला, अंगावर खाचा पडलेला, छेदाचा काही भाग काळपट आणि उरलेलाच चकचकीत असेल, तर तो एका धक्क्यात न तुटता थोडाथोडा तुटत होता, म्हणजे नट ढिला आहे किंवा भोक झिजून लांबट झाले आहे. आमचे सहाही तुकडे या दुसऱ्या प्रकारचे होते. भोकात नवा बोल्ट ठेवून हलवला, तर तो उघड डोळ्यांना दिसेल इतका हलत होता. अशा भोकात कितीही चांगला बोल्ट घाला, प्रत्येक झटक्याला तो हातोडा बसल्यासारखा मार खातो. भोक लेथवर नीट करून घेणे किंवा फ्लॅंज (बोल्ट ज्यातून जातो ती चकती) बदलणे, हाच त्यावर उपाय आहे.

दुसरे कारण रोटरच्या, म्हणजे पाती बसवलेल्या आडव्या दांड्याच्या, टोकाला सापडले. आमच्या भागात रानडुकरे येऊ नयेत म्हणून धुऱ्यावर (बांधावर) जुन्या साड्या बांधतात, ठिबकच्या फाटक्या नळ्या वावरातच राहतात; हे सगळे रोटरला गुंडाळले जाते आणि बेअरिंगपाशी जाऊन बसते. बाजूची प्लेट काढली तेव्हा एका हिरव्या साडीचा काठ आणि काळी नळी इतकी घट्ट पिळून बसली होती की विळ्याने कापून काढावी लागली. आतले सील फाटलेले होते आणि बेअरिंग कोरडे पडले होते. पीटीओ बंद करून रोटर हाताने फिरवून पाहिला असता, तर हा जडपणा पहिल्याच दिवशी कळला असता.

जॉइंट शाफ्टकडे तर कोणी पाहतच नाही. त्याच्या दोन्ही टोकांचे काटे (सांधा धरणारे दोन बोटांचे तुकडे) एका रेषेत हवेत. शाफ्ट काढून पुन्हा जोडताना ते आडवे-उभे बसले, की प्रत्येक फेऱ्यात गती दोनदा कमी-जास्त होते. पीटीओ ५४० फेऱ्यांवर असताना हे सेकंदाला १८ झटके होतात आणि ते सगळे त्या एका बोल्टवर जातात. धुऱ्यावर वळताना पीटीओ चालू ठेवून यंत्र पूर्ण उचलण्याची सवयही तेवढीच वाईट, कारण शाफ्टचा कोन वाढला की झटके वाढतात. पाती जमिनीत रुतलेली असताना पीटीओ जोडू नये. यंत्र किंचित उचलावे, इंजिन मंद ठेवून पीटीओ जोडावा आणि मग हळूहळू खाली सोडावे. आपल्या काळ्या जमिनीत वापसा नसताना ओल्या चिकट मातीत यंत्र घालणे, किंवा नांगरटीची दगडासारखी ढेकळे एकाच फेरीत बारीक करण्याचा हट्ट धरणे, हेही बोल्टच्या मुळावर येते.

बोल्ट बदलताना ट्रॅक्टर बंद करून किल्ली खिशात ठेवावी, हे मी कळकळीने सांगतो. शाफ्टवरचे प्लास्टिकचे आवरण अडचण म्हणून काढून टाकणारे चालक मी पाहिले आहेत; फिरत्या शाफ्टला गमछाचे टोक लागले तर सोडवायला वेळ मिळत नाही.

कंपन्यांना आणि कृषी विभागाला माझी विनंती अशी की बोल्टची जाडी, लांबी आणि ग्रेड (डोक्यावरचा आकडा) यंत्रावरच, गिअरबॉक्सजवळ, मराठीत कोरून किंवा पक्क्या पट्टीवर लिहून द्यावी. आमच्या यंत्राबरोबर आलेली पुस्तिका इंग्रजीत होती आणि विक्रेत्याने ती उघडूनही दाखवली नाही. महाडीबीटी या राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून अनुदान मिळालेल्या यंत्राची मोका तपासणी होते, तेव्हा अधिकारी यंत्राचा क्रमांक पाहतात. त्याच वेळी ही पट्टी आणि योग्य बोल्टचे एक पाकीट यंत्राबरोबर आहे की नाही, हेही पाहता येईल. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आणि जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रांनी उन्हाळवाहीच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, चालकांसाठी एक दिवसाचा वर्ग गावात घ्यावा. तो ट्रॅक्टरमालकांसाठी नको, जो दिवसभर त्या सीटवर बसतो त्याच्यासाठी हवा, आणि त्या दिवसाची मजुरी त्याला मिळावी.

आपला,
एक ट्रॅक्टरधारक कास्तकार
ता. दारव्हा, जि. यवतमाळ