तुमच्या नातवाच्या रेसिंगविषयी

ती. आई-बाबांना सा. न.

मोटरसायकल रेसिंगच्या संमतिपत्रावर मी सही केली हे कळल्यापासून तुम्ही दोघंही फोनवर तुटक बोलता. तुमची भीती कळते मला. पण सही विचार करूनच केली आहे.

गेल्या वर्षीचा तुमचा नातू आठवा. शाळा बुडवायची, मारामाऱ्या करायच्या, घरात कुणाशी अवाक्षर नाही. रात्री मित्रांच्या बाइकवर हेल्मेटशिवाय हायवे गाठायचा. जीव मुठीत धरून मी जागी राहायचे, ती तेव्हा.

मग त्याला रेसिंग शिकवणारे सर भेटले. एकेकाळी स्वतः शर्यती केलेले. पहिलीच अट घातली : रस्त्यावर वेगात दिसलास तर ट्रॅक बंद. पुढे कित्येक आठवडे गाडीवर बसूच दिलं नाही. टायरमधली हवा मोज, चेनचा ताण बघ, ब्रेक पॅड किती झिजले ते वहीत लिही. आई, ती वही मी पाहिली. अक्षर अगदी तुझ्यासारखं आहे गं!

वळणावर नजर बाहेर पडायच्या जागेवर ठेवायची, भिंतीकडे पाहिलं तर गाडी तिकडेच जाते, हे त्यानेच मला समजावलं. पिवळा झेंडा दिसला की ओव्हरटेक नाही, लाल दिसला की शर्यत थांबवून सगळ्यांनी हळू परतायचं. कुणाचंच न ऐकणारा हा मुलगा झेंड्याचं मुकाट ऐकतो.

ट्रॅकवर समोरून ट्रक येत नाही, अंगात लेदर सूट असतो, अँब्युलन्स उभी असते. तरी धोका आहेच. इटलीचा नामवंत मोटरसायकल रेसर व्हॅलेंटिनो रॉसी, त्याचा जवळचा मित्र आणि रेसर मार्को सिमोन्चेली २०११ मध्ये शर्यतीतच गेला. हे सरांनीच आम्हाला सांगितलं, सहीच्या आधी. म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

पहिल्या शर्यतीत हा पडला. खरचटण्यावर निभावलं, पण खूप रडला. सरांनी त्याला रॉसीच्या अकादमीत घडलेल्या फ्रान्सिस्को बन्याया या रेसरची गोष्ट सांगितली : २०२२ च्या हंगामात ९१ गुणांनी मागे पडूनही मोटोजीपीचा, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या सर्वांत वरच्या स्पर्धेचा, जगज्जेता झाला. मग म्हणाले, आता काय चुकलं ते लिही. त्याने दोन पानं लिहिली.

बाबा, तुम्ही मोटरसायकल घरीच उघडून बसायचात. या रविवारी त्याला फोन करा, मार्कांचं विचारू नका, चेनचा ताण कसा बघतोस ते विचारा. आणि पुढच्या शर्यतीला दोघंही या. बोलून दाखवत नाही, पण त्याला तुम्ही हवे आहात.

तुमची लेक