यानावरचा कंटेनरही तोलावा लागेल

महोदय,

दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथा मी आवर्जून वाचतो. त्यांतल्या मालवाहू यानांवर कंटेनर नुसते चिकटवल्यासारखे असतात, हे मला फार खटकतं. न्हावा शेवा बंदरात मी लॅशिंगचं, म्हणजे जहाजावर कंटेनर घट्ट बांधण्याचं काम पाहतो.

कंटेनरचा सगळा जीव त्याच्या आठ कोपऱ्यांत असतो. प्रत्येक कोपऱ्यात भोकं असलेला ओतीव पोलादी ठोकळा असतो. त्यात ट्विस्टलॉक, म्हणजे फिरवून लागणारं कुलूप, बसवून फिरवलं की वरचा डबा खालच्याला धरतो. वरच्या थरांचा भार चार उभे खांब पेलतात, पत्रा नव्हे.

अंतराळात वजन जाणवलं नाही तरी वस्तुमान कुठे जात नाही. इंजिन पेटलं की त्याचा सगळा ताण या कुलपांवर येणार. जड डबे एकाच बाजूला लागले, तर यान सरळ जाण्याऐवजी गिरकी घेऊ लागेल. आमच्याकडे 1 जुलै 2016 पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. तिथे तर वजनकाटाही निरुपयोगी! डबा स्प्रिंगला जोडून, तो किती वेगाने हलतो यावरून वस्तुमान काढावं लागेल. अंतराळ स्थानकावर अंतराळवीरांचं वस्तुमान असंच मोजतात.

2001 साली 'लिओनार्दो' हा मालाचा डबा स्पेस शटल या अंतराळयानातून स्थानकावर गेला, यांत्रिक हाताने जोडला गेला आणि रिकामा करून परत आणला गेला. लेखकांनी निदान त्याचा अभ्यास करावा, आणि कथेत माल तोलणारा, कुलपं तपासणारा एखादा कामगारही असू द्यावा, ही कळकळीची विनंती.

— एक बंदर कर्मचारी, उरण