कपाटाची किल्ली

बडोदा,
रविवार, रात्री साडेनऊ

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू सहज म्हणालीस, "यांनी पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे देऊन टाकलीय." तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. मोतीबिंदू काढून चार महिने झाले, तरी बारीक टाइप वाचताना बाबांच्या डोळ्यांना धार लागते, हे ठाऊक होतं. पण किल्लीच देऊन टाकायची? म्हणून आज पत्र लिहायला बसले. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

आमच्या रविवारच्या मंडळींबद्दल मागे बोलले होते. सात जण आहोत. कमाटीबागेत बसतो, पाऊस असला तर दांडिया बाजारात एका काकूंच्या घरी. इतिहासात अद्भुत मिसळलेल्या कादंबऱ्या वाचायच्या आणि एकमेकांना द्यायच्या, एवढंच काम. मराठी, हिंदी, गुजराती, मिळेल ते. पुस्तकं एका पत्र्याच्या पेटीत असतात आणि पेटी दर महिन्याला घर बदलते. ही कल्पना आमची नव्हे, सयाजीराव महाराजांची. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले, राज्यभर वाचनालयांचं जाळं विणलं आणि खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. मांडवीजवळच्या त्यांच्या मध्यवर्ती ग्रंथालयात अजूनही वरच्या मजल्याची जमीन काचेची आहे, उजेड खालपर्यंत उतरावा म्हणून. बाबा, तिथं गेले की दर वेळी तुमची आठवण येते.

पेटीतल्या प्रत्येक पुस्तकात आम्ही एक चिठ्ठी ठेवतो: यात घडलेलं काय, रचलेलं काय. ही सवय तुमची. आठवीत असताना तुम्ही माझ्या हातातून तिलिस्म-ऐयारीची, म्हणजे जादूच्या भुलभुलैयांची आणि वेषांतर करणाऱ्या हेरांची, कादंबरी काढून घेतली होती. "इतिहासात भुतं घुसवली की पोरं इतिहासही विसरतात," म्हणाला होतात. मी दोन दिवस बोलले नव्हते तुमच्याशी.

गेल्या महिन्यात सातवाहन काळातली एक कादंबरी वाचली. नाणेघाटातल्या जकातीच्या दगडी रांजणावर एक यक्ष पहारा देतो, खोटं नाणं टाकणाऱ्याचा हात धरतो. सातही जणांनी तो यक्ष मान्य केला, कारण त्या काळचा व्यापारी यक्षाला मानतच असे. पुढच्याच प्रकरणात तांड्याचा नायक भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा खायला बसला आणि आम्ही सगळे अडलो. मिरची आली पोर्तुगीजांबरोबर, हजाराहून अधिक वर्षांनी! यक्ष चालला, मिरची नाही चालली. चिठ्ठी मीच लिहिली, आणि लिहिताना तुमचाच आवाज कानात होता.

पण बाबा, एका बाबतीत मी आजही तुमच्याशी भांडणार. ही मिसळ पैठणला नवी नाही. आपल्या गावचा, सातवाहन राजाच्या दरबारातला पंडित गुणाढ्य आठवा. जलक्रीडेत राणी म्हणाली "मोदकैः", म्हणजे मा उदकैः, पाणी उडवू नका. आणि राजाने मोदक मागवले. त्या लाजेपायी त्याला संस्कृत शिकायचं होतं. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवतो. हे जमलं तर मी संस्कृत, प्राकृत, देशी, तिन्ही भाषा सोडीन, अशी पैज गुणाढ्यानं लावली. तो हरला, भाषा सोडून बसला आणि सात लाख श्लोकांची बृहत्कथा पैशाचीत लिहिली, स्वतःच्या रक्तानं. राजाने ती झिडकारली. मग तो डोंगरावर बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि अग्नीत टाकायचा. जनावरं चरायची थांबली, रडत ऐकत राहिली. राजा येईपर्यंत एक लाख श्लोकच उरले होते. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं ही हकीकत लिहून ठेवली. सातवाहन खरे, शर्ववर्म्याचं कातंत्र व्याकरण खरं, आणि मधोमध पिशाच्चांची भाषा. यातलं काय वगळाल? पाहुण्यांना नागघाटावर नेऊन रेड्याने वेद म्हटल्याचं सांगताना तुमचा स्वतःचा गळा दाटतो. तेव्हा तुम्ही पुरावा मागत नाही.

आई, तुला हे पटवायची गरजच नाही. लाइट गेले की कंदिलाच्या उजेडात नाथमाधवांची 'वीरधवल' कादंबरी तूच सांगायचीस. नाथमाधव शिकारीला गेले असता सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि कमरेखाली लुळे झाले, त्यानंतर अंथरुणात पडून लिहीत राहिले, हेही तूच सांगितलंस. मी लहान होते, मला फक्त कडा आठवायचा. आता त्यांचं अंथरूण आठवतं.

तर माझं मागणं. पुढच्या रविवारपासून संध्याकाळी सहाला मी फोन लावीन आणि बागेत मधोमध ठेवीन. आमच्यातला एक जण मोठ्यानं वाचेल, तुम्ही दोघं ऐका. घडलेलं-रचलेलंची चिठ्ठी यापुढे बाबांनी सांगायची, मी लिहून घेईन. मंडळींना विचारलंय; इतिहासाचे मास्तर मिळणार म्हणून काकूंनी तर वेळही ठरवून टाकली.

आणि आई, किल्ली त्यांना परत दे. खालच्या कप्प्यात, शाळेच्या जुन्या नकाशांच्या मागे, ती जप्त केलेली कादंबरी अजून असेल. बाबा काही फेकत नाहीत. पहिलं प्रकरण त्यांना वाचून दाखव, रविवारच्या आत.

तुमची,
धाकटी