धोकादायक झाडांची पावसाआधी तपासणी व्हावी

महोदय,

मुंबईत घरांवर झाडे कोसळली की सरसकट छाटणीची मागणी होते. पण एकाच बाजूच्या फांद्या उतरवल्याने झाडाचा तोल ढळून धोका वाढतो. आमच्या चाळीलगतचा उंच पर्जन्यवृक्ष असाच कलला आहे, बुंध्याला काँक्रीट भिडले आहे आणि मुळाशी आतल्या कुजीची खूण मानली जाणारी भूछत्रे उगवली आहेत. राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीविना झाड तोडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र रहिवाशांचे अर्ज आल्यावर जाणकारांकडून खोडाची व मुळांची तपासणी पावसाळ्यापूर्वीच व्हावी. झाड वाचण्याजोगे असेल, तर काँक्रीट फोडून माती मोकळी करावी. नसेल, तर ते विनाविलंब उतरवून जवळच देशी रोप लावावे.

– एक रहिवासी, दादर