होडी ताठ बांधू नका

माननीय संपादक,

१ जूनपासून मासेमारी बंदी लागली की खाडीतल्या जेट्यांवर होड्यांची दाटी होते. होडी हलू नये म्हणून दोर आखूड आणि ताठ बांधायची सवय सगळीकडे दिसते. खरे तर बांधलेली होडी हललीच पाहिजे. दोरात ढील नसेल तर लाटेचा प्रत्येक हिसका खुंटावर आणि फळ्यांवर बसतो.

आधी लांबीचे पाहू. मुंबई-अलिबागकडे उधाणाच्या भरती-ओहोटीत चार मीटरहून अधिक फरक पडतो, मालवण-वेंगुर्ल्याकडे सुमारे दोन. भरतीच्या वेळी आडवा असलेला ४ मीटरचा दोर पाणी चार मीटर उतरल्यावर ५.६६ मीटर व्हावा लागतो. तेवढा कुठलाच दोर सुरक्षितपणे ताणत नाही. होडी टांगली जाते किंवा कलते. १२ मीटरच्या दोराला त्याच ओहोटीत फक्त ६५ सेंटिमीटर जास्त लागतात. म्हणून पाण्याच्या चढउताराच्या किमान तिप्पट दोर सोडावा, तोही जेटीच्या कडेने तिरका: एक नाळेकडून (होडीच्या पुढच्या टोकाकडून) पुढे, एक मागच्या टोकाकडून मागे. दोर भांगाच्या दिवशी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असताना, बांधला असेल तर अमावस्या-पौर्णिमेच्या आत पुन्हा बघावा.

दोर शक्यतो नायलॉनचा घ्यावा. तो ताणतो आणि हिसका पोटात घेतो. भिजल्यावर ताकद थोडी उतरते, म्हणून एक माप जाड घ्यावा. पीपीचा (पॉलिप्रॉपिलीनचा) दोर स्वस्त आणि तरंगणारा, पण कमी ताणतो आणि उन्हाने ठिसूळ होतो. घासल्यावर भुसा पडू लागला की तो बांधणीतून काढावा. एकाच बाजूला नायलॉन आणि पीपी जोडीने कधीच लावू नयेत. नायलॉन ताणू लागतो तोवर सगळा भार पीपीवर जातो, तो तुटतो आणि मग एकट्या नायलॉनवर हिसका येतो. ताणलेला नायलॉन तुटला तर चाबकासारखा उलटतो. त्याच्या रेषेत कुणी उभे राहू नये, मुलांना तर तिथे फिरकूही देऊ नये.

दोर बहुतेक वेळा मधे तुटत नाही, काँक्रीटच्या धारेवर झिजतो. तिथे रबरी नळीचा हातभर तुकडा ओवून जागच्या जागी बांधावा.

जेट्या बांधणाऱ्या यंत्रणांना आमची विनंती आहे: कडा गोल करा, खुंट जवळजवळ बसवा आणि लहान होड्यांसाठी ओहोटीच्या पातळीजवळही कड्या द्या. जेटीची दुरुस्ती निघेल तेव्हाच हे करता येईल.

— खाडीकाठी होड्या-दोरांचे काम करणारे काही वाचक, दापोली तालुका