नर्सिंगच्या मुलींना पैसे प्रवेशाच्या वेळी लागतात

माननीय संपादक महोदय,

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या आर्थिक सवलतींचा जो तक्ता आपल्या कालच्या शिक्षण पुरवणीत आला आहे, त्यात चुकीचे असे काही नाही. मात्र तो वाचून, पैशांची काळजी मिटली असे समजून एखादी गरीब घरची मुलगी प्रवेशाला गेली, तर तिची फसगत होईल. मी शासकीय रुग्णालयातून परिसेविका (वॉर्डची प्रमुख सिस्टर) म्हणून निवृत्त झाले असून माझी पुतणी एका खासगी महाविद्यालयात बी.एस्सी. नर्सिंग करते आहे. त्यामुळे या सवलती प्रत्यक्षात कशा मिळतात, ते आमच्या घराने अनुभवले आहे.

आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) कुटुंबांतील मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय शासनाने ८ जुलै २०२४ रोजी काढला. निर्णय चांगलाच आहे. माझी पुतणी ओबीसी आहे, तिचा प्रवेश केंद्रीय प्रवेश फेरीतून झाला आहे आणि सारी कागदपत्रे फाइलमध्ये लावलेली होती. तरीही प्रवेशाच्या खिडकीवर माझ्या भावाला सांगण्यात आले, की आधी पूर्ण शुल्क भरा, माफीची रक्कम शासनाकडून शिष्यवृत्ती म्हणून जमा झाली की परत देऊ. जागा हातची जाईल या धास्तीने त्याने वहिनीच्या पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवल्या.

त्यानंतर महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर भरलेला अर्ज महाविद्यालयाच्या लिपिकाच्या लॉगिनवर पडून राहिला आणि अखेर ‘कागदपत्र अस्पष्ट’ असा शेरा मारून परत आला. तो कागद म्हणजे सेतू केंद्रातून काढलेला, तहसीलदारांची डिजिटल स्वाक्षरी असलेला उत्पन्नाचा दाखला होता. मी स्वतः चष्मा लावून तो मोबाइलवर वाचला आणि त्यातले अक्षर न् अक्षर स्वच्छ दिसत होते. अर्ज पुन्हा पाठवला, शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता दुसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू झाल्यावर जमा झाला आणि तोवर सोनेतारणाचे व्याज भावाच्या खिशातून गेले. ते व्याज कोणती योजना भरून देणार आहे? वसतिगृह, मेस, गणवेश आणि क्लिनिकलसाठीचा (रुग्णालयातील प्रात्यक्षिकांसाठीचा) प्रवासखर्च तर या माफीत धरलेलाच नाही. संस्थास्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतलेल्या मुलींना ही माफी मुळीच मिळत नाही, ही बाब आपल्या तक्त्यात ठळकपणे यायला हवी होती.

शैक्षणिक कर्जाबद्दलही आपण फार सहजपणे लिहिले आहे. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकांनी तारण घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश असताना आमच्या गावच्या शाखेत पहिला प्रश्न विचारला गेला तो जमिनीच्या सातबाऱ्याचा. शैक्षणिक कर्जाच्या केंद्र सरकारच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या सुरुवातीच्या यादीत देशभरातील निवडक ८६० संस्थाच होत्या. तालुक्याच्या ठिकाणच्या ज्या नर्सिंग महाविद्यालयांत आमच्याकडच्या मुली शिकतात, त्यांचा या योजनेशी संबंध येणे कठीण आहे.

आम्ही शासकीय परिचर्या प्रशिक्षण विद्यालयात शिकत होतो तेव्हा आम्हाला विद्यावेतन मिळत असे. ते थोडके होते आणि मेसचे पैसे त्यातूनच कापले जात, पण त्याच्याच बळावर शेतमजुरांच्या मुली परिचारिका झाल्या. आज खासगी महाविद्यालयांच्या मुली संलग्न रुग्णालयांत सकाळ-दुपारच्या पाळ्या करतात, रुग्णांचे तापमान, रक्तदाब, लघवीचे माप सारे टिपतात. अपुऱ्या कर्मचाऱ्यांवर चाललेले कितीतरी वॉर्ड त्यांच्याच हातांवर उभे आहेत, हे मी आयुष्यभर वॉर्डात काम करून सांगते आहे. त्या कामाबद्दल माझ्या पुतणीला एक रुपयाही मिळत नाही, याकडे आपल्या दैनिकाने एकदा तरी लक्ष द्यावे.

शुल्कमाफीस पात्र मुलीकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेतले जाणार नाही आणि शासनाकडून रक्कम येण्यास उशीर झाला तरी तिचा परीक्षा अर्ज अडवला जाणार नाही, याची जबाबदारी वैद्यकीय शिक्षण विभागाने घ्यावी. महाविद्यालयाने अर्ज किती दिवसांत पुढे पाठवायचा याची मुदत ठरवून द्यावी आणि ती न पाळणाऱ्या संस्थेवर कारवाई करावी. आपल्याला माझी विनंती एवढीच, की असा तक्ता पुन्हा छापाल तेव्हा रक्कम प्रत्यक्ष केव्हा मिळते आणि तोवर शुल्क कोणी भरायचे, हे दोन रकाने त्यात जरूर घालावेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका, तासगाव (जि. सांगली)