पाकोळीचा आवाज

प्रिय गजा,

परवा सोनाराच्या काट्यावर मी एक मेलेली पाकोळी, म्हणजे ते कवेलूतलं इवलंसं वटवाघूळ, तोलली. रात्री पंख्याला आदळून पडली होती. कापडात गुंडाळून नेली (वटवाघूळ उघड्या हातानं कधी धरू नको, मेलेलंसुद्धा). कापडाचं वजन वजा जाता भरली ४ ग्रॅम. लगेच तुझी आठवण आली. पारावरच्या वडाला लटकलेली वटवाघळं म्हणजे माय, आणि कवेलूच्या फटीतल्या पाकोळ्या म्हणजे त्यांची पिल्लं, असं तू सांगायचास अन् मी दहावीपर्यंत तेच खरं मानलं. तसं नाही रे. वडावरलं मोठं वटवाघूळ किलोच्या वर भरतं, पंख पसरले की चार फुटांवर जातं. पाकोळी वेगळीच जात आहे. पूर्ण वाढली तरी ती एवढीच.

गेल्या महिन्यात वटवाघळांचा अभ्यास करणारी एक मुलगी गावात आली होती. तिच्याजवळ मुठीएवढं यंत्र होतं, आपल्या कानापलीकडचा आवाज ऐकवणारं. आपलं ऐकणं २० किलोहर्ट्झला संपतं. तिन्हीसांजेला आम्ही धुऱ्यावर बसलो. पऱ्हाटीवर पाकोळ्या घिरट्या घालू लागल्या अन् यंत्र ४५ वर लावताच फुटाणे भाजल्यासारखं तडतडलं. मग खूप उंचावरून देवळातली लांब पंखांची वटवाघळं गेली, तेव्हा ३० पर्यंत खाली यावं लागलं. वडावरली गेली तेव्हा मात्र काहीच नाही. ती आवाजानं वाट शोधतच नाहीत. त्यांचे डोळे मोठे, नाक तेज, त्यावरच सगळं चालतं.

लहान जीव एवढा बारीक, म्हणजे उंच पट्टीचा, आवाज काहून काढतो, हे मी तिला खोदून खोदून विचारलं. ४५ किलोहर्ट्झची लाट साडेसात मिलिमीटरची. किडा लाटेहून फार लहान असला तर प्रतिध्वनी नीट परत येत नाही. चिलटं टिपायची तर लाट बारीकच हवी. पण मला खरं पटलं ते तोंडाचं कारण. ओलिताला रात्री जातो तेव्हा बॅटरीचा झोत फाकला की दूरचं काही दिसत नाही ना, तसंच. तोंड लहान अन् आवाज जाड असला की तो चहूकडे पसरतो. आवाज बारीक केला की त्या एवढ्याशा तोंडातूनही झोत बांधीव निघतो. डेन्मार्कच्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये हेच दाखवलं: लहानमोठ्या जातींचे आवाज वेगवेगळे, झोताची रुंदी मात्र जवळपास सारखी.

बारीक आवाज हवेत लवकर विरतो, हे त्याचं मोल. पाकोळीला ते परवडतं, कारण तिचे पंख भराभर हलतात. पंखाच्या ठोक्यासोबत श्वास सुटतो अन् श्वासासोबत हाक. वेगळी ताकद फारशी लागत नाही. देवळातल्यासारख्या मोठ्या वटवाघळाचा पंख सावकाश हलतो, म्हणून हाका कमी, अन् दोन हाकांमध्ये ते बरंच पुढं गेलेलं असतं. त्याला दूरवर पोचणारा जाड आवाजच हवा. किडा टप्प्यात आला की पाकोळी सेकंदाला दीडदोनशे हाकांपर्यंत जाते. यंत्रातून ते फर्रर्र असं ऐकू येतं, मग एकदम शांतता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला, गजा.

आणखी एक. पाकोळीच्या गळ्याकडची हाडाची बारीक काडी थेट कानाच्या हाडाला टेकलेली असते. वडावरली आवाजानं वाट शोधत नाहीत, त्यांच्यात ती तशी टेकत नाही.

वडावरल्या वटवाघळांना आंधळी समजून आपण गोटे मारायचो. ती मान वळवून आपल्याकडे पाहायची, आठवतं? ते पाहणं आता माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मोह फुलला की ये. नाल्याकाठच्या मोहावर रात्री ती हमखास उतरतात. पोरीलाही आण. पाकोळ्या ऐकायला यंत्र त्या मुलीकडून चार दिवस मागून ठेवतो.

तुझाच,
सुधाकर